ओझोनचा जमाखर्च: हवामान प्रारूप समजून घेण्याची एक रीत, खान्देशच्या हवेवर मांडलेली

मे महिन्याच्या दुपारी जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो, रस्ते ओस पडतात आणि तापी खोऱ्यावरचे आकाश निळे न राहता पांढुरके दिसू लागते. त्या तापलेल्या हवेत त्याच वेळी एक वायू घडत असतो. तो दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमणीतून निघत नाही आणि महामार्गावरच्या ट्रकमधूनही निघत नाही. पण या दोन्हींतून जे बाहेर पडते त्यावर ऊन पडले की तो तयार होतो. हा वायू म्हणजे ओझोन. हवामान प्रारूपांत, म्हणजे वातावरणाचे गणित सोडवणाऱ्या संगणकीय आज्ञावलींत, ओझोनचा हिशेब कसा ठेवला जातो आणि माणसाचे उत्सर्जन वाढले किंवा घटले की त्या हिशेबात काय बदलते, हे समजून घेण्याची जी रीत मी रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना वर्गात सांगतो, ती येथे सविस्तर मांडत आहे. त्यासाठी महासंगणक लागत नाही. एक वही, एक कॅल्क्युलेटर आणि शक्य असल्यास संगणकावरची एक्सेलसारखी तक्तापत्रे एवढे पुरेसे आहे.

माझा एक आग्रह मात्र सुरुवातीलाच नोंदवतो. प्रारूपाने काढलेला रंगीत नकाशा पाहण्याआधी एका जागेचा हिशेब स्वतःच्या हाताने करावा. ज्याने तो केला आहे त्याला नकाशातल्या कोणत्या रंगावर भरवसा ठेवावा आणि कोणत्या रंगापाशी थांबून प्रश्न विचारावा, हे कळू लागते.

आधी ठरवा: प्रश्न वरच्या ओझोनचा आहे की खालच्या?

वातावरणातला सुमारे ९० टक्के ओझोन स्थितांबरात असतो. खान्देशच्या अक्षांशावर स्थितांबर साधारण १६-१७ किलोमीटर उंचीवर सुरू होते. तेथील ओझोन सूर्याचे घातक अतिनील किरण अडवतो. उरलेला सुमारे १० टक्के ओझोन आपण ज्या थरात राहतो त्या तपांबरात असतो; तेथे तो फुप्फुसांना व पिकांना अपाय करतो आणि उष्णता अडवणारा वायू म्हणूनही काम करतो. जमिनीपासून वरपर्यंतचा सगळा ओझोन खाली आणून प्रमाण दाबाला व शून्य अंश तापमानाला पसरला, तर त्याचा थर जेमतेम ३ मिलिमीटर जाडीचा होईल. शास्त्रज्ञ यालाच ३०० डॉब्सन एकके म्हणतात.

माणसाच्या उत्सर्जनाचा परिणाम या दोन ठिकाणी एकमेकांच्या उलट होतो. क्लोरोफ्लुरोकार्बन (सीएफसी) वायूंनी वरचा ओझोन कमी केला, तर नायट्रोजनची ऑक्साइडे, कार्बन मोनॉक्साइड, मिथेन आणि पेट्रोल-द्रावकांची वाफ यांनी खालचा ओझोन वाढवला. बातम्यांमध्ये या दोन गोष्टींची सरमिसळ नेहमी होते, म्हणून वहीच्या पहिल्या पानावर आपला प्रश्न कोणत्या थराचा आहे हे लिहून ठेवावे. उत्तम प्रारूप दोन्ही थर एकत्र हाताळते, कारण वरचा ओझोन घटला की अधिक अतिनील किरण खाली येतात आणि खालच्या रसायनाचा वेग बदलतो. तरीही प्रश्न विचारताना ते वेगळेच ठेवावे लागतात.

जमा, खर्च आणि शिल्लक

पावसाळ्यात हतनूर धरणाच्या ४१ दरवाजांपैकी किती उघडले, याची बातमी जळगाव जिल्ह्यातला प्रत्येक जण वाचतो. तापी-पूर्णेची आवक, दरवाजांतून होणारा विसर्ग, बाष्पीभवन आणि उरलेला साठा हे गणित सर्वांच्या अंगवळणी पडलेले आहे. प्रारूपातला ओझोनचा हिशेब याच जातीचा असतो. हवेचा एक खण घ्यावा. त्यातल्या ओझोनमध्ये होणारा बदल म्हणजे रासायनिक निर्मिती, वजा रासायनिक नाश, अधिक वाऱ्याने आत आलेला, वजा वाऱ्याने बाहेर गेलेला, वजा जमिनीने व पानांनी शोषून घेतलेला ओझोन. जगातले सर्वांत मोठे प्रारूपसुद्धा हेच एक समीकरण लाखो खणांसाठी पुन्हा पुन्हा सोडवत असते.

संपूर्ण पृथ्वीच्या तपांबराचे आकडे या समीकरणात घालून पाहिले तर एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. तेथील ओझोनचा साठा सुमारे ३५ कोटी टन आहे. वर्षभरात रासायनिक निर्मिती मात्र अंदाजे ५०० कोटी टनांची होते आणि स्थितांबरातून खाली उतरणारा ओझोन साधारण ५० कोटी टनांचा असतो. साठ्याला वार्षिक आवकेने भागले की सुमारे तीन आठवडे येतात. तपांबरातल्या ओझोनचे सरासरी आयुष्य तेवढेच आहे. निर्मिती आणि नाश हे दोन्ही आकडे प्रचंड आहेत आणि आपल्याला हवा असलेला बदल त्यांच्या फरकातून निघतो. म्हणून कोणत्याही एका बाजूच्या दरात झालेली लहान चूकसुद्धा उत्तरात मोठी होऊन उतरते. प्रारूपांची उत्तरे एकमेकांपासून का ढळतात, याचे अर्धे कारण येथेच आहे.

एका खणाचे रसायन वहीवर

आता कॅल्क्युलेटर हाती घ्यावा. दुपारच्या उन्हात नायट्रोजन डायऑक्साइडचा रेणू प्रकाशाने फुटतो. त्यातून नायट्रिक ऑक्साइड आणि ऑक्सिजनचा सुटा अणू मिळतो. हा अणू हवेतल्या ऑक्सिजनला चिकटला की ओझोन झाला. पण नायट्रिक ऑक्साइड लगेच ओझोनवर उलटतो आणि पुन्हा नायट्रोजन डायऑक्साइड होतो. भर दुपारी फुटण्याचा दर प्रति सेकंद सुमारे ०.००९ धरावा, म्हणजे एक रेणू दोन मिनिटांच्या आत फुटतो. उलट दिशेच्या क्रियेचा दर २५ अंश तापमानाला, पीपीबी या एककात, प्रति सेकंद सुमारे ०.०००४५ आहे, पीपीबी म्हणजे हवेच्या एक अब्ज रेणूंमध्ये त्या वायूचे किती रेणू आहेत ती संख्या. दोन्ही दिशा समतोल झाल्या की ओझोनचे प्रमाण हे पहिला दर भागिले दुसरा दर, गुणिले नायट्रोजन डायऑक्साइडचे नायट्रिक ऑक्साइडशी असलेले गुणोत्तर, एवढे येते. ०.००९ ला ०.०००४५ ने भागल्यास २० मिळतात. गुणोत्तर दोनास एक असेल तर ओझोन ४० पीपीबी, तीनास एक असेल तर ६० पीपीबी.

हा हिशेब समाधान देतो, पण तो अपुरा आहे आणि तो अपुरा का आहे हे समजणे हीच या रीतीतली मुख्य पायरी आहे. वरच्या चक्रात ओझोन जितका तयार होतो तितकाच खर्ची पडतो. निव्वळ वाढ व्हायची असेल तर ओझोनला हात न लावता नायट्रिक ऑक्साइडचे नायट्रोजन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करणारे दुसरे कोणीतरी हवे. ते काम हायड्रॉक्सिल मूलकापासून सुरू होते; मूलक म्हणजे एक इलेक्ट्रॉन जोडीविना उरल्यामुळे झटपट क्रिया करणारा रेणूचा तुकडा. हे मूलक कार्बन मोनॉक्साइड, मिथेन किंवा इंधनाच्या वाफेतल्या सेंद्रिय संयुगांवर क्रिया करते, त्यातून पेरॉक्सी मूलके होतात, आणि ती नायट्रिक ऑक्साइडला आपला एक ऑक्सिजन देऊन टाकतात. या देवघेवीत हायड्रॉक्सिल मूलक बहुधा परत मिळते आणि फेरा पुन्हा सुरू होतो. चूल पेटती ठेवायला सेंद्रिय संयुगे हे सरपण आहे. नायट्रोजनची ऑक्साइडे मात्र जळून संपत नाहीत, तीच ती पुन्हा फिरतात.

हा फेरा थांबतो तेव्हा मूलके दोन वाटांनी बाहेर पडतात. हवेत नायट्रोजनची ऑक्साइडे थोडी असतील तर पेरॉक्सी मूलके एकमेकांना भेटून पेरॉक्साइडे होतात. ती ऑक्साइडे भरपूर असतील तर हायड्रॉक्सिल मूलक नायट्रोजन डायऑक्साइडला चिकटून नायट्रिक आम्ल होते. पहिल्या स्थितीत नायट्रोजनची ऑक्साइडे वाढवली की ओझोनची निर्मिती जवळजवळ त्याच प्रमाणात वाढते आणि सेंद्रिय संयुगे वाढवून फारसा फरक पडत नाही. दुसऱ्या स्थितीत चित्र फिरते: सेंद्रिय संयुगे वाढवली की ओझोन वाढतो, पण नायट्रोजनची ऑक्साइडे वाढवली की तो घटतो. याचा अर्थ असा की दुसऱ्या स्थितीतल्या शहरात वाहनांचा धूर थोडा कमी केला तर ओझोन आधी वाढू शकतो. मार्च २०२० च्या अखेरीस देशभर टाळेबंदी लागू झाल्यावर अनेक भारतीय शहरांत नायट्रोजन डायऑक्साइड झपाट्याने उतरला, पण ओझोन तेवढा उतरला नाही आणि काही ठिकाणी चढला, त्यामागे हे एक ठळक कारण होते.

म्हणून माझी विनंती अशी आहे की, “अमुक टक्के उत्सर्जन कमी केले तर ओझोन किती टक्के कमी होईल?” असा प्रश्न कोणी विचारला तर उत्तर देण्याआधी ती हवा कोणत्या स्थितीत आहे हे विचारावे. दीपनगरच्या धुराचा पट्टा चिमणीजवळ ताजा असताना ओझोन खातो. पश्चिमेचा वारा त्याला मुक्ताईनगरकडे नेतो, वाटेत तो विरळ होतो, त्यात सेंद्रिय संयुगे मिसळतात, आणि मग तोच पट्टा ओझोन घडवू लागतो. एकाच धुराचे एकाच दुपारी दोन विरुद्ध परिणाम होतात, आणि प्रारूपाला हे दोन्ही दाखवता आले पाहिजेत.

जमिनीच्या खर्चाचा हिशेबही याच पानावर करून घ्यावा. दिवसा हिरव्या पिकावर ओझोन शोषला जाण्याचा वेग सेकंदाला अर्धा सेंटिमीटर धरावा आणि हवा १,५०० मीटर उंचीपर्यंत घुसळली जात आहे असे मानावे. १,५०० मीटरला ०.००५ ने भागले की ३ लाख सेकंद, म्हणजे सुमारे साडेतीन दिवस येतात. रात्री मात्र हवा जमिनीलगत १०० मीटरच्या थरात अडकते. शोषण्याचा वेग ०.२ सेंटिमीटरवर आला तरी १०० ला ०.००२ ने भागून ५० हजार सेकंद, म्हणजे अवघे १४ तास येतात. रात्री महामार्गालगत ओझोन का नाहीसा होतो याचे एक कारण या भागाकारात आहे आणि दुसरे कारण वाहनांचा नायट्रिक ऑक्साइड आहे, कारण अंधारात त्याने खाल्लेला ओझोन परत मिळत नाही. पान ओझोन शोषते ते पर्णरंध्रांतून. गहू आणि कापूस ही दोन्ही पिके ओझोनला संवेदनशील आहेत, त्यामुळे आपल्याकडे हा खर्चाचा रकाना शेतीच्या नुकसानीचाही रकाना ठरतो. एप्रिल-मे महिन्यांत वखरून ठेवलेले काळे उघडे शेत आणि त्याच्या बांधाला लागून ठिबकवर उभी असलेली हिरवी केळी यांचा शोषण्याचा वेग वेगळा असतो. प्रारूपाच्या भू-वापराच्या फाईलमध्ये दोन्ही ‘शेतजमीन’ म्हणून एकाच आकड्याने आलेली आहेत का, हे अवश्य पाहावे.

उत्सर्जनाची फाईल उघडून वाचा

प्रारूपाला उत्सर्जन आयते द्यावे लागते. जगभरच्या प्रारूपांसाठी एडगर, सेड्स यांसारख्या उत्सर्जन सूची वापरल्या जातात. आगीच्या धुरासाठी उपग्रहांनी टिपलेल्या जळीत क्षेत्रांवरून वेगळी सूची केलेली असते. या सूचींमध्ये वीज केंद्रे, वाहतूक, उद्योग, घरगुती चुली, शेती आणि कचरा असे विभाग असतात. ही फाईल न उघडता थेट निकालाकडे जाणारे विद्यार्थी मी बरेच पाहिले आहेत, आणि बहुतेकांची चूक शेवटी याच फाईलमध्ये सापडली आहे.

आपल्या भागापुरते पाहायचे असेल तर काही प्रश्न वहीत लिहून घ्यावेत. विटभट्ट्यांचा हंगाम पावसाळ्यानंतरचा असतो. फाईलमध्ये तो वर्षभर सारखा पसरलेला आहे का? वेचणी संपल्यावर पऱ्हाट्या पेटवल्या जातात, पण बांधाबांधावरच्या अशा लहान आगी उपग्रहाला बहुधा दिसत नाहीत. त्या कोठे मोजल्या आहेत? युरिया दिलेल्या जमिनीतून पहिल्या पावसानंतर नायट्रिक ऑक्साइड बाहेर पडतो; तो धरला आहे का? सातपुड्यातल्या झाडांकडून येणारे आयसोप्रीन नावाचे सेंद्रिय संयुग तापमानाबरोबर वाढते, म्हणून प्रारूप मे महिन्यात ते भरपूर दाखवू पाहते. पण आपली पानझडी जंगले त्या वेळी बरीचशी निष्पर्ण असतात. पानांच्या क्षेत्रफळाचा आकडा ऋतूनुसार बदलत नसेल तर प्रारूप नसलेल्या पानांचे आयसोप्रीन हवेत सोडील.

मिथेनची गोष्ट निराळी आहे. त्याचे हवेतले आयुष्य दशकाच्या घरात असल्यामुळे बहुतेक मोठी प्रारूपे मिथेनचे उत्सर्जन न देता त्याचे जमिनीलगतचे प्रमाण ठरवून देतात. सोय म्हणून हे ठीक आहे, पण त्याची किंमत लक्षात ठेवावी लागते. नायट्रोजनची ऑक्साइडे कमी केली की हायड्रॉक्सिल मूलक घटते, आणि हे मूलकच मिथेनचा नाश करत असल्याने मिथेन अधिक काळ टिकतो. टिकलेला मिथेन पुढे पुन्हा ओझोन घडवतो. मिथेन ठरवून दिलेल्या प्रारूपात ही साखळी तुटलेली असते आणि तिचा परिणाम नंतर स्वतंत्र हिशेबाने मिळवावा लागतो.

खण किती मोठा आहे?

जागतिक प्रारूपाचा खण साधारण १०० ते २०० किलोमीटर रुंद असतो. पूर्व रेखांश ७५ ते ७६ आणि उत्तर अक्षांश २०.५ ते २१.५ असा एक अंशाचा चौकोन नकाशावर काढून पाहावा. जळगाव, भुसावळ, यावल, चोपडा, अमळनेर आणि पाचोरा ही सगळी गावे त्या एकाच खणात येतात. धुळे पश्चिमेकडच्या शेजारच्या खणात पडते. प्रारूपाच्या दृष्टीने या साऱ्या प्रदेशाला एकच उंची, एकच तापमान आणि ओझोनचे एकच प्रमाण असते. सातपुड्याची धार आणि तापीचे पात्र सरासरीत सपाट होऊन जाते.

याचा रसायनावर काय परिणाम होतो ते आकड्यात पाहू. १०० किलोमीटर लांब, १०० किलोमीटर रुंद आणि दीड किलोमीटर उंच अशा खणाचे आकारमान १५ लाख कोटी घनमीटर होते. नायट्रोजन डायऑक्साइडचा १ पीपीबी म्हणजे दर घनमीटरला सुमारे १.८८ मायक्रोग्रॅम. गुणाकार केला की २८ टन येतात. म्हणजे २८ टन वायू सोडला तर प्रारूप तो संपूर्ण खणात पसरवून फक्त १ पीपीबी दाखवते. तोच वायू प्रत्यक्षात ५ किलोमीटर लांबी-रुंदीच्या शहराच्या हवेत साठला, तर क्षेत्रफळ ४०० पटींनी कमी असल्यामुळे प्रमाण ४०० पीपीबी होईल. १ पीपीबीच्या हवेत तो वायू ओझोन कार्यक्षमतेने घडवतो. ४०० पीपीबीच्या हवेत तो ओझोनची निर्मिती रोखतो. मोठ्या खणांची प्रारूपे उत्सर्जनाच्या दर टनामागे ओझोनची निर्मिती जास्त का दाखवतात, याचे याहून सोपे स्पष्टीकरण मला आजवर सापडलेले नाही. जिल्ह्याच्या पातळीवरचा प्रश्न असेल तर काही किलोमीटरच्या खणांचे प्रादेशिक प्रारूप घ्यावे, उदाहरणार्थ डब्ल्यूआरएफ-केम, आणि त्याच्या चारी सीमांवर येणारी हवा जागतिक प्रारूपातून द्यावी.

वेळेची पायरी

प्रारूप साधारण अर्ध्या तासाच्या पायऱ्यांनी पुढे सरकते असे धरू. हवेत ४० पीपीबी ओझोन असताना नायट्रिक ऑक्साइडचा ऱ्हास-दर ०.०००४५ गुणिले ४०, म्हणजे प्रति सेकंद ०.०१८ होतो. १,८०० सेकंदांच्या पायरीत सरळ वजाबाकी केली तर मूळ साठ्याच्या ३२ पट वजा करावे लागतील आणि उत्तर ऋण येईल. हे टाळण्यासाठी जुन्या प्रमाणाला (१ अधिक दर गुणिले वेळ) या संख्येने भागतात. येथे ते ३३.४ होते आणि उत्तर धन राहते. हायड्रॉक्सिल मूलकाचे आयुष्य सेकंदाहून कमी, कार्बन मोनॉक्साइडचे सुमारे दोन महिने आणि मिथेनचे दशकभर, अशी तफावत असलेले शंभराहून अधिक पदार्थ एकत्र सोडवायचे असल्यामुळे याच कल्पनेच्या अधिक काटेकोर पद्धती वापरल्या जातात. संगणकाचा बराच वेळ येथे खर्च होतो, आणि म्हणूनच अनेक हवामान प्रारूपे रसायन सोडवतच नाहीत. दुसऱ्यांनी काढलेला ओझोनचा तक्ता वाचून त्यावरून फक्त उष्णतेचा हिशेब करतात. एखाद्या प्रारूपाचे नाव समोर आले की त्यातला ओझोन सोडवलेला आहे की दिलेला आहे, हे विचारावे. दिलेला असेल तर उत्सर्जनाला ओझोनने दिलेला प्रतिसाद त्या प्रारूपाकडे मागण्यात अर्थ नाही.

वरच्या थराची मांडणी

सिडनी चॅपमन यांनी १९३० मध्ये केवळ ऑक्सिजनच्या चार क्रियांवरून स्थितांबरातला ओझोन समजावून सांगितला, पण त्या हिशेबातून येणारा ओझोन मोजलेल्या ओझोनपेक्षा बराच जास्त येई. खर्चाचे रकाने कमी पडत होते. पॉल क्रुट्झेन यांनी १९७० मध्ये नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा आणि मारिओ मोलिना व शेरवूड रोलँड यांनी १९७४ मध्ये क्लोरोफ्लुरोकार्बनमधून सुटणाऱ्या क्लोरीनचा रकाना भरला. तिघांना १९९५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. तरीही १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील हॅली केंद्राच्या मोजणीतून ओझोनचे छिद्र जाहीर झाले, तेव्हा त्या काळच्या प्रारूपांपैकी एकानेही ते आधी दाखवलेले नव्हते, कारण उणे ७८ अंशांखाली बनणाऱ्या ध्रुवीय ढगांच्या कणांवर क्लोरीन मोकळा होतो ही क्रिया कोणी घातलीच नव्हती. प्रारूपात जे लिहिलेले नाही ते प्रारूप दाखवू शकत नाही, हा धडा मी दरवर्षी याच उदाहरणावरून शिकवतो.

आजच्या रसायन-हवामान प्रारूपांत क्लोरीन-ब्रोमीनयुक्त वायू, नायट्रस ऑक्साइड आणि मिथेन यांची प्रमाणे वर्षागणिक दिली जातात. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारामुळे पहिल्या गटाची प्रमाणे उतरू लागली आहेत, पण सीएफसी-१२ चे आयुष्य सुमारे १०० वर्षांचे असल्याने ओझोनची भरपाई सावकाश होते. जागतिक हवामान संघटनेच्या २०२२ च्या मूल्यमापनानुसार १९८० ची पातळी अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमारास, आर्क्टिकवर २०४५ च्या सुमारास आणि उरलेल्या जगावर २०४० च्या सुमारास परत येईल. यात कार्बन डायऑक्साइडचाही हात आहे. तो स्थितांबर थंड करतो, थंडीत ओझोन नष्ट करणाऱ्या क्रिया मंदावतात आणि वरच्या स्थितांबरात ओझोन वाढतो. त्याच वेळी उष्ण कटिबंधात वर चढणारी हवा वेग घेते आणि तेथील खालच्या स्थितांबरात ओझोनला घडायला वेळ कमी मिळतो. आपण २१ अंश उत्तरेला असल्यामुळे आपल्या डोक्यावरच्या ओझोनसाठी हा दुसरा परिणाम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

उत्सर्जनाचा परिणाम वेगळा काढण्यासाठी

प्रारूप निदान दोनदा चालवावे लागते. एका रनमध्ये सर्व काही आजच्यासारखे ठेवावे. दुसऱ्यात फक्त एक गोष्ट बदलावी, समजा वाहतुकीतली नायट्रोजनची ऑक्साइडे २० टक्क्यांनी कमी करावीत. दोन्ही रनना समुद्राचे तापमान सारखेच द्यावे, म्हणजे हवामानाची स्वतःची चढउतार फरकात कमी मिसळते. सुरुवातीच्या काही महिन्यांचा निकाल टाकून द्यावा, कारण प्रारूप तोवर स्थिरावलेले नसते; स्थितांबराचा प्रश्न असेल तर काही वर्षे टाकावी लागतात. मग दोन्हींची वजाबाकी करावी. प्रारूपांच्या आंतरराष्ट्रीय तुलनेत याच रीतीने १८५० च्या पातळीवरचे उत्सर्जन आणि आजचे उत्सर्जन असे रन घेऊन माणसाचा वाटा काढला जातो. १७५० ते २०१९ या काळात ओझोनमुळे पृथ्वीवर पडलेला अतिरिक्त उष्णतेचा भार दर चौरस मीटरला ०.४७ वॅट आहे, असे आयपीसीसी या हवामान बदलावरील आंतरसरकारी मंडळाच्या सहाव्या अहवालात दिले आहे. त्याची मर्यादा मात्र ०.२४ ते ०.७१ इतकी रुंद आहे.

येथे एक सापळा आहे. वीज केंद्रे बंद करून एक रन घेतला, वाहने बंद करून दुसरा घेतला आणि दोन्ही फरकांची बेरीज केली, तर ती दोन्ही एकत्र बंद केल्यावरच्या फरकाएवढी येत नाही. वर पाहिलेल्या दोन स्थितींचाच हा परिणाम आहे. त्यामुळे “ओझोनमध्ये वाहनांचा वाटा इतका” असे एकच वाक्य लिहिण्याआधी तो आकडा लहान बदलावरून काढला की पूर्ण बंद करून काढला, हे लिहिलेच पाहिजे.

पडताळणी

मोजणीशी तुलना करताना सारख्याची सारख्याशी तुलना होईल याची काळजी घ्यावी. भारतातील मानकानुसार ओझोनची ८ तासांची मर्यादा दर घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आणि १ तासाची १८० मायक्रोग्रॅम आहे. प्रारूपे मात्र पीपीबीमध्ये उत्तर देतात. २५ अंशांना १ पीपीबी म्हणजे जवळजवळ २ मायक्रोग्रॅम. मोजणी यंत्र जमिनीपासून काही मीटर उंचीवर हवा खेचते, तर प्रारूपाच्या सर्वांत खालच्या थराची सरासरी कित्येक दहा मीटर उंचीपर्यंतची असते. रात्री या दोहोंत मोठा फरक पडतो, म्हणून दुपारची ८ तासांची सरासरी पडताळावी. सेंटिनेल-५पी उपग्रहावरील ट्रोपोमी उपकरण दुपारी दीडच्या सुमारास वरून जाते आणि सुमारे ५.५ बाय ३.५ किलोमीटरच्या तुकड्यात नायट्रोजन डायऑक्साइड टिपते; प्रारूपातलीही दीड वाजताचीच वेळ घ्यावी. उंचीवरच्या ओझोनसाठी भारतीय हवामान विभागाने पुण्याहून सोडलेल्या ओझोन फुग्यांच्या नोंदी उपयोगी पडतात. पोटॅशियम आयोडाइड आणि स्टार्च लावलेला कागद शाळेत दाखवायला सुंदर आहे, पण आर्द्रतेने त्याचा रंग बदलतो, त्यामुळे त्यावरून प्रारूप तपासू नये.

एकूण सरासरी जुळली म्हणून समाधान मानू नये. निर्मिती जास्त आणि नाशही जास्त अशा दोन चुका मिळूनही सरासरी बरोबर येते. त्याऐवजी प्रारूपाला बदलाच्या प्रसंगी तपासावे. आपल्याकडे तो प्रसंग दरवर्षी जूनमध्ये चालून येतो. अरबी समुद्रावरची, ओझोन कमी असलेली दमट हवा तापी खोऱ्यातून आत शिरते, ढग प्रकाश अडवतात, आणि मे महिन्यातला चढा ओझोन थोड्या दिवसांत खाली येतो. मे आणि जूनच्या रोजच्या दुपारच्या सरासरीची मोजलेली आणि प्रारूपाची अशा दोन रेघा एकाच आलेखावर काढाव्यात आणि प्रारूपाची रेघ त्याच दिवसांत, तितकीच खाली उतरते का ते पाहावे. उतरत नसेल तर रसायनाला हात लावण्याआधी प्रारूपातला वारा, ढग आणि सीमेवरून येणारी हवा तपासावी. वेळेवर उतरूनही ती सतत वरच राहत असेल, तर उत्सर्जनाची फाईल आणि खणाचा आकार यांच्याकडे परत यावे.